मेयोच्या दारातला पटकीचा रोगी

नागपूरच्या सेंट्रल एव्हेन्यूवर रिक्षावाल्याला ‘इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय’ असे पूर्ण नाव सांगून पाहा. तो क्षणभर विचारात पडेल. नुसते ‘मेयो’ म्हणा, की झाले काम!

हे इस्पितळ १८६२ मध्ये ‘सिटी हॉस्पिटल’ म्हणून सुरू झाले. आदल्याच वर्षी मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाले होते. पुढे इस्पितळाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचे नाव मिळाले. १८७२ मध्ये पोर्ट ब्लेअर येथे एका कैद्याने सुरा भोसकून या मेयोंचा खून केला.

आता विद्यार्थी मित्रहो, कल्पना करा. त्या पहिल्या वर्षी या दारात पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, रोगी आणला आहे. डॉक्टर काय करतील?

फारसे काही नाही. शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्मची भूल त्या वेळी ठाऊक होती. पण पटकी दूषित हवेने होते, असेच बहुतेकांना वाटे. उपाय म्हणून अफू किंवा पाऱ्याचे औषध देण्याची तेव्हा रीत होती. रोगी मरतो तो मुख्यतः शरीरातले पाणी आणि क्षार जुलाबांवाटे निघून गेल्यामुळे. काही तासांत कित्येक लिटर पाणी जाते, रक्त दाटते, नाडी हाताला लागत नाही. स्कॉटलंडमध्ये थॉमस लॅटा यांनी १८३२ मध्येच शिरेतून मिठाचे पाणी देऊन काही रोगी वाचवले होते. पण ती युक्ती मागे पडली. केवढे हे दुर्दैव!

नागपूरकरांना पहिला मोठा आधार मिळाला तो इस्पितळाबाहेर. १८७० च्या दशकात अंबाझरी तलावाचे पाणी नळांनी शहरात आले. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीच्या जंतूची ओळख पक्की केली ती त्यानंतर, १८८४ मध्ये. शिरेतून क्षारजल देण्याचा उपचार विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यातच पुन्हा रुजवला. आणि १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी नुसते पाजून असंख्य जीव वाचवले. साखरेबरोबर मीठ आतड्यात शोषले जाते आणि त्यामागून पाणी. पटकीतही आतड्याची ही वाट उघडीच असते!

औषध असले तरी ते देणारा हवा. मध्यप्रांतातल्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर मुंबई किंवा कलकत्ता गाठावे लागे. १९१४ मध्ये नागपुरात रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले. तिथून पदवीधर नव्हे, तर पदविकाधारक डॉक्टर बाहेर पडत. मला वाटते, खेडोपाडी आधुनिक औषध पोहोचवण्याचे बरेचसे श्रेय अशाच डॉक्टरांना आहे. त्यांची आठवण मात्र कोणी फारशी काढत नाही. १९४६ मध्ये भोर समितीने देशभर एकाच दर्जाचे, पदवीधर डॉक्टर हवेत अशी शिफारस केली. लगेच १९४७ मध्ये नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पुढे स्वतंत्र, भव्य आवार झाले आणि लोक त्याला ‘मेडिकल’ म्हणू लागले.

मेयोला १९६८ मध्ये पुन्हा एका महाविद्यालयाची जोड मिळाली. ते महानगरपालिकेने काढले, नंतर राज्य शासनाने चालवायला घेतले आणि त्याला इंदिरा गांधींचे नाव दिले. तरीही घरात कोणी आजारी पडले, की नागपुरात शेजारी अजूनही विचारतात, ‘मेडिकलला नेलं, की मेयोला?’