अर्धा पूल, अख्खा पूल

चीनच्या दांदोंग शहरात यालू नदीवर एक पूल आहे. त्यावरून चालत निघालं, तर नदीच्या मध्यावर तो चक्क संपतो! पुढे पिळवटलेलं लोखंड, खाली पाणी आणि पलीकडे उत्तर कोरियाच्या सिनुइजू शहरापर्यंत ओळीनं उभे नुसते खांब. लोक तिकीट काढून हा ‘तुटका पूल’ बघायला येतात.

कोरिया जपानच्या ताब्यात होता तेव्हा, १९११ मध्ये, जपान्यांनी हा रेल्वेपूल बांधला. बोटींना वाट मिळावी म्हणून त्याचा एक गाळा दारासारखा फिरवता यायचा. १९४३ मध्ये शेजारीच दुसरा पूल झाला. रेल्वे तिकडे गेली, जुन्यावरून वाहनं धावू लागली.

१९५० साली कोरियात युद्ध पेटलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे राजदूत सरदार पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून घेतलं. अमेरिकी फौजा ३८ अक्षांश ओलांडून उत्तरेत शिरल्या, तर चीन गप्प बसणार नाही, हा निरोप त्यांनी भारतामार्फत धाडला. अमेरिकेनं तो मनावर घेतला नाही. १९ ऑक्टोबरला चिनी सैनिक यालू ओलांडू लागले.

नोव्हेंबरमध्ये जनरल मॅकआर्थर यांनी यालूवरचे पूल उडवायचा हुकूम दिला. वॉशिंग्टननं अट घातली, बॉम्ब फक्त कोरियाच्या बाजूच्या अर्ध्या भागावर टाकायचे! चीनच्या हद्दीत विमानही जाता कामा नये. वैमानिकांनी हे कसं साधायचं? पलीकडच्या काठावरून चिनी तोफा डागल्या जात होत्या, त्यांना उत्तर देण्याचीही मुभा नव्हती. तरी जुना पूल कोसळला. चीनच्या बाजूचे चार गाळे तेवढे उरले. पण तोवर चिनी फौजेचा मोठा हिस्सा पार झाला होता आणि थोड्याच दिवसांत थंडीनं नदी गोठली. मग पुलाची गरजच काय राहिली?

दुसऱ्या पुलालाही तडाखे बसले, पण तो तगला. १९९० मध्ये त्याचं नाव ‘मैत्री पूल’ ठेवलं गेलं. एका अंगाला रेल्वेचा रूळ, दुसऱ्या अंगाला ट्रकपुरता एकेरी रस्ता. त्यामुळे आधी एका बाजूचे ट्रक सोडायचे, ते संपले की दुसऱ्या बाजूचे. दोन्ही देशांमधल्या व्यापाराचा मोठा भाग या चिंचोळ्या वाटेनं जातो. मार्च २०१८ मध्ये किम जोंग-उन यांची खास रेल्वेगाडी इथूनच बीजिंगला गेली. जानेवारी २०२० मध्ये कोरोनामुळे सीमा बंद झाली. मालगाडी पुन्हा सुटली ती थेट जानेवारी २०२२ मध्ये. औषधं असोत की खतं, वाट पाहण्यावाचून पलीकडच्यांच्या हाती काही नव्हतं.

खालच्या अंगाला चीननं आपल्या पैशानं चार पदरी, ऐसपैस केबल-स्टेड पूल उभारला. २०१४ मध्ये काम पुरं झालं. मात्र तेव्हा कोरियाच्या बाजूला हा देखणा पूल एका शेतात जाऊन थांबत होता. पुढची कित्येक वर्षं तो रिकामाच राहिला आणि ट्रक मैत्री पुलावर आपापल्या पाळीची वाट बघत राहिले.