विकलेल्या मोटारीचा दंड जुन्या मालकास कां येतो?

मुरबाड तालुक्यांतील म्हसा येथील यात्रेंत बैल विकला, पैसे मोजून घेतले आणि कासरा घेणाराच्या हातीं दिला, कीं विकणाराचा त्या जनावराशीं संबंध संपतो. पुढें तो बैल कोणाच्या पिकांत शिरून कोंडवाड्यांत गेला, तर दंड भरून सोडवून आणण्याचें काम नव्या धन्याचें असतें. जुन्या धन्याच्या दारीं कोणी विचारावयास येत नाहीं. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही समजूत मनांत ठेवूनच आपल्यांतील पुष्कळ शेतकरी मोटार, जीप, मालवाहू टेंपो किंवा मोटारसायकल विकतात. पैसे घ्यावे, किल्ली द्यावी, आणि व्यवहार पुरा झाला असें मानावें. परंतु मोटारीच्या बाबतींत ही समजूत खोटी आहे, व ती खोटी असल्याचें विकणारास बहुधा दंडाची सूचना हातीं पडल्यावरच कळतें. असें कां घडतें, त्यांत खरा धोका कोणता, व तो टाळण्यास काय करावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

उदाहरणार्थ असें समजा, कीं मुरबाडकडील एका बागायतदारानें आपली जुनी मोटार विठ्ठलवाडीस राहणाऱ्या एका गृहस्थास विकली. विठ्ठलवाडी हें कल्याणहून कर्जतकडे जातांना लागणारें पहिलें स्टेशन; तेथील माणसाचें कामानिमित्त कल्याण, डोंबिवली, ठाणें असें रोजचें जाणेंयेणें. व्यवहार मुद्रांकाच्या कागदावर लिहिला गेला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, पैसेही पोंचले. गाडीचें नोंदणी-प्रमाणपत्र घेणारानें नेलें व "नांव लौकरच चढवून घेतों" असें सांगितलें. पुढें त्या गृहस्थानें ठाण्यास तांबडा दिवा ओलांडला, डोंबिवलींत मनाई असलेल्या ठिकाणीं गाडी उभी केली, महामार्गावर वेगाची मर्यादा मोडली. दर वेळीं दंडाचा संदेश मात्र मुरबाडच्या बागायतदाराच्या मोबाइलवर येऊन पडला. त्या दिवशीं तो आपल्या भाताच्या खळ्यावर होता. ठाण्यास गेलाही नव्हता.

यांत पोलिसांनीं कोणाशीं वैर साधलें असें नाहीं. चौकांतील कॅमेरा चालकाचा चेहरा ओळखीत नाहीं. तो गाडीवरील क्रमांक टिपतो. त्या क्रमांकावरून परिवहन खात्याच्या 'वाहन' नांवाच्या संगणकीय दप्तरांत शोध होतो, तेथें नोंदलेल्या मालकाचें नांव, पत्ता व मोबाइल क्रमांक मिळतो, आणि चलान त्याच्याकडे जातें. मुंबईंत २०१६ सालीं सुरू झालेली ही ई-चलानाची पद्धति पुढें राज्यभर पसरली. पूर्वी रस्त्यावर शिपाई गाडी अडवी, तेव्हां जो चालवीत असे तोच दंड भरी. आतां गाडी न अडवितां दंड होतो, आणि म्हणून दप्तरांत कोणाचें नांव आहे या गोष्टीस फार मोठें महत्त्व आलें आहे. बैल धनी बदलतांच नव्या दाव्यास बांधला जातो. गाडीचा क्रमांक मात्र धनी बदलला तरी तोच राहतो, आणि दप्तरांत तो जुन्या नांवाशींच जोडलेला असतो.

कायदाही याच दिशेनें पाहतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम २ मध्यें 'मालक' शब्दाची व्याख्या आहे. ज्याच्या नांवावर वाहन नोंदलेलें असेल तो मालक, असा तिचा मुख्य अर्थ. भाडे-खरेदी, गहाण किंवा भाडेपट्टा यांच्या करारानें गाडी ज्याच्या ताब्यांत असेल तो मालक, असे थोडे अपवाद आहेत; परंतु साधी विक्री त्या अपवादांत बसत नाहीं.

जमिनीच्या व्यवहारांत मुरलेल्या वाचकांस हा भेद चटकन् उमजेल. जमीन विकतांना खरेदीखत दुय्यम निबंधकासमोर नोंदलें जातें, आणि त्याची वर्दी तेथूनच तलाठ्याकडे फेरफारासाठीं जाते. एक दप्तर दुसऱ्यास कळवितें. मोटारीच्या विक्रींत असा मध्यस्थ कोणी नाहीं. मुद्रांकावर लिहिलेला करार घरच्या पेटींत राहतो. परिवहन कार्यालयास त्याची वार्ताही नसते. ती वार्ता विकणारानें आणि घेणारानें स्वतः न्यावी लागते.

आतां कोणी म्हणेल, पांचशें-हजारांच्या दंडासाठीं एवढी चिंता कशास? खरा धोका या दंडाचा नाहींच. तो अपघाताचा आहे. ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिलेला एक निर्णय प्रत्येक गाडीवाल्यानें ध्यानांत ठेवावा. एका मोटारीच्या नोंदलेल्या मालकाचें म्हणणें असें होतें, कीं आपण ती जुलै २००७ मध्यें विकून ताबाही दिला. घेणारानें ती सप्टेंबर २००८ मध्यें दुसऱ्यास विकल्याचें सांगितलें, त्यानें तिसऱ्यास, आणि तिसऱ्यानें चौथ्यास. नोंदणी मात्र पहिल्याच्याच नांवावर राहिली होती. मे २००९ मध्यें त्या मोटारीखालीं सांपडून एकाचा जीव गेला, आणि मोटारीचा विमा उतरलेला नव्हता. न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं लिहिलेल्या या निर्णयांत, नुकसानभरपाईची जबाबदारी दप्तरांत ज्याचें नांव आहे त्या पहिल्या मालकावरच ठेवण्यांत आली. गाडी किती हातांतून फिरली याचा माग काढीत बसण्याचा भार अपघातग्रस्तांच्या कुटुंबावर टाकतां येत नाहीं, हें त्यामागील कारण होय. आणि तें न्याय्यच आहे.

विमा चालू असेल तर हें संकट बहुतांशीं टळतें. गाडीबरोबर तिचा विमाही, त्रयस्थाच्या नुकसानीपुरता, नव्या मालकाकडे गेला असें कलम १५७ मानतें, आणि घेणारानें चौदा दिवसांत विमापत्रावर आपलें नांव लावून घ्यावें असें सांगतें. परंतु विम्याची मुदत संपल्यावर घेणारानें तो पुन्हां उतरविला नाहीं, तर जुन्या मालकास तें कळण्याचा मार्ग नाहीं. त्याच सुमारास अपघात घडला तर काय होईल? मोटार-अपघात न्यायाधिकरणानें ठरविलेली रक्कम भरली न गेल्यास, कलम १७४ प्रमाणें जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला पाठवून ती जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करतां येते. जमीनमहसुलाची थकबाकी म्हणजे काय, हें खातेदारास निराळें सांगावयास नको. जुनी गाडी विकून थोडे पैसे गांठीस बांधावे, आणि एका न लावलेल्या नांवापायीं वडिलोपार्जित जमिनीवर जप्तीचा प्रसंग यावा, असा हा व्यवहार आहे.

हा प्रसंग टाळण्याचा मार्ग कायद्याच्या कलम ५० मध्येंच दिलेला आहे. गाडी राज्यांतल्या राज्यांत विकली असेल, तर विकणारानें चौदा दिवसांच्या आंत नमुना २९ मध्यें परिवहन कार्यालयास कळवावें व त्याची प्रत घेणारास द्यावी. घेणारानें तीस दिवसांच्या आंत नमुना ३० मध्यें आपलें नांव लावण्याचा अर्ज करावा. गाडी दुसऱ्या राज्यांत जात असेल, तर विकणारास पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे, व आपल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. सोबत नोंदणी-प्रमाणपत्र, चालू विमापत्र, धुराच्या तपासणीचा दाखला, आणि ओळखीचे व पत्त्याचे पुरावे जोडावे लागतात. मुरबाड, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण व डोंबिवली या भागांतील एम.एच. ०५ क्रमांकाच्या गाड्यांचें काम कल्याणच्या कार्यालयांत चालतें. ठाण्याच्या गाड्यांचा क्रमांक एम.एच. ०४ होय. अर्ज संगणकावरूनही भरतां येतात.

कायद्यानें कळविण्याचें काम दोघांसही सांगितलें आहे, परंतु न केल्याचा त्रास मुख्यतः विकणारास होतो. घेणाराचें कांहीं अडत नाहीं. त्याची गाडी चालते, दंड दुसऱ्याकडे जातो. म्हणून नांव चढविण्याचें काम घेणारावर सोंपवूं नये. तें विकणारानें स्वतःच शेवटास न्यावें. व्यवहाराच्या दिवशींच दोघांनीं मिळून अर्ज भरावा, त्याचा खर्च किंमतींत धरावा, आणि अर्जाची पोंच हातीं आल्यावांचून किल्ली देऊं नये. कोऱ्या नमुन्यांवर सही करून ते दलालाच्या हातीं कदापि देऊं नयेत. घेणाराचें नांव न लिहिलेला असा कागद घेऊन गाडी चार हात फिरते, आणि नांव मात्र आपलेंच राहतें. ताबा दिल्याचा एक कागद निराळा करावा. त्यांत तारीख, दिवसाची वेळ, गाडीचा क्रमांक, आणि घेणाराचें पूर्ण नांव व पत्ता लिहून त्याची सही घ्यावी. तारखेइतकेंच वेळेसही महत्त्व आहे, कारण चलानावर तास व मिनिट दोन्ही छापलेले असतात. पुढें महिन्याभरानें गाडीचा क्रमांक घालून दप्तरांत नांव बदललें कीं नाहीं, हें एकदां पाहून घ्यावें.

आणखी चार प्रसंग खातेदारांच्या घरीं नेहमीं येतात. गाडीवर पतपेढीचें किंवा बँकेचें कर्ज असेल, तर तें फेडल्याचा दाखला व नमुना ३५ देऊन बोजा आधीं उतरवावा. त्यावांचून हस्तांतर होत नाहीं. गाडी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यास द्यावयाची असेल, तर त्यास परिवहन खात्याचें अधिकारपत्र आहे काय, हें विचारावें. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें, अशा व्यापाऱ्याच्या ताब्यांत गाडी दिल्याची रीतसर वर्दी दिली, म्हणजे त्यानंतरची जबाबदारी त्याच्याकडे जाते. गाडी मोडींत काढली असेल, तर तीही नोंदणींतून चौदा दिवसांत रद्द करून घ्यावी, नाहींतर तिचा क्रमांक भलत्या गाडीवर फिरण्याची भीति असते. आणि घरांतील कर्ता पुरुष वारला असेल, तर त्याच्या वारसानें तीस दिवसांत कार्यालयास कळवावें व तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ मध्यें अर्ज करावा. सातबाऱ्यावर वारसाची नोंद करण्यास आपण जातों, त्याच वेळीं गाडीचीही आठवण ठेवावी.

ज्यांनीं गाडी आधींच विकली आहे व ज्यांस चलानें येऊं लागलीं आहेत, त्यांनीं काय करावें? चलान आपलें नव्हे म्हणून तें बाजूस टाकूं नये. त्यावरील छायाचित्र, स्थळ, तारीख व वेळ नीट पाहावी. छायाचित्रांतील गाडीच आपली नसेल, तर कोणीतरी खोटा क्रमांक लावला आहे असें समजून पोलिसांत निराळी तक्रार द्यावी. गाडी आपलीच विकलेली असेल, तर करार, ताब्याचा कागद, बँकेंत पैसे जमा झाल्याचा पुरावा, आणि घेणाराच्या ओळखपत्राची प्रत एकत्र करावी. नमुना २९ उशिरानें कां होईना, परिवहन कार्यालयांत द्यावा. उशिराबद्दल कांहीं रक्कम भरावी लागली तरी ती भरावी, आणि पोंच घ्यावी. त्याच कागदांच्या प्रती जोडून वाहतूक पोलिसांकडे लेखी अर्ज करावा. गाडी कोण चालवीत होता याची माहिती मागितल्यास ती देणें हें कलम १३३ प्रमाणें मालकाचें कर्तव्यच आहे. तें आपण होऊन बजावल्यास आपली बाजू बळकट होते. ई-चलानाच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदविण्याची सोय आहे.

घेणारास पोंचपावतीसह टपालानें लेखी सूचना पाठवून, अमुक दिवसांत नांव लावून घ्यावें व मागील दंड भरावा, असें कळवावें. तो सांपडत नसेल, तर पोलिस ठाण्यांत तशी नोंद करावी. नांव बदललें म्हणजे मागील चलानें आपोआप पुसलीं जातात, असें मात्र कोणी समजूं नये. आणि चलानें थकलेलीं असलीं तर हस्तांतराचेंच काम अडूं शकतें. अशा वेळीं रक्कम लहान असल्यास ती भरून पावती ठेवावी, व घेणाराकडून वसूल करावी, हेंच पुष्कळदां कमी खर्चाचें ठरतें. रक्कम मोठी असेल किंवा आरोप गंभीर असेल, तर वकिलाच्या सल्ल्यानें न्यायालयांत म्हणणें मांडावें. थकलेल्या चलानांचीं प्रकरणें लोकअदालतींतही घेतलीं जातात.

शेतकरी बंधूंनीं हा लेख वाचून झाल्यावर गेल्या कांहीं वर्षांत आपण विकलेल्या गाड्या आठवाव्या, घरांतील जुन्या कागदांवरून त्यांचे क्रमांक काढावे, आणि दप्तरांत त्या आज कोणाच्या नांवावर आहेत हें पाहावें. अद्याप एकही चलान आलें नसेल, तरी पाहावें. नांव आपलेंच निघालें, तर ती गाडी, ती कोणाच्याही दारांत उभी असली तरी, अजून आपल्याच दाव्यास बांधलेली आहे असें समजून त्या उद्योगास लागावें.