नवा प्रोजेक्टर घेण्याआधी जुना नीट लावून बघा

घरात प्रोजेक्टर लावायचा म्हटलं की लोक आम्हाला विचारतात, "कोणता घेऊ?" काही महिन्यांनी त्यांच्यापैकीच कुणीतरी परत विचारतं, "घेतला, पण चित्र फिकट येतं. यापेक्षा भारी घेऊ का?" दुसऱ्या प्रश्नाला आमचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: थांबा. पंधरा-वीस हजार रुपये दुसऱ्यांदा घालवण्याआधी एक संध्याकाळ खर्च करा. जो प्रोजेक्टर तुम्ही टाकाऊ ठरवलाय तो बऱ्याचदा फक्त चुकीच्या जागी, चुकीच्या खोलीत, चुकीच्या सेटिंगवर चालू असतो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. टीव्ही काळा रंग दाखवू शकतो, प्रोजेक्टर नाही. प्रोजेक्टर फक्त उजेड टाकतो. जिथे उजेड टाकत नाही ती जागा आपल्याला काळी दिसते. म्हणजे चित्रातला काळा रंग हा खरं तर तुमच्या भिंतीचा अंधारातला रंग असतो. खोलीत ट्यूबलाइट चालू असेल तर भिंत काळी होणार कशी?

आकड्यात बघू. १०० इंची स्क्रीन म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १०० इंच. तिची रुंदी सुमारे ७ फूट ३ इंच, उंची ४ फूट १ इंच, क्षेत्रफळ साधारण पावणेतीन चौरस मीटर. तिच्यावर खरे ५०० अॅन्सी ल्युमेन पडले तर १८० लक्सच्या आसपास उजेड होतो आणि साध्या पांढऱ्या स्क्रीनवरून त्यातला सुमारे ५८ निट्स आपल्या डोळ्यांकडे परत येतो. डिजिटल सिनेमागृहासाठी ठरलेलं प्रमाण आहे ४८ निट्स. म्हणजे पूर्ण अंधारात ५०० खरे ल्युमेन थिएटरइतके पुरतात! आता त्याच खोलीत दिवा लावा आणि समजा स्क्रीनवर १०० लक्स उजेड पडला. पांढरा भाग झाला २८०, काळा भाग १००. पांढरा काळ्याच्या तिप्पटसुद्धा राहिला नाही. अंधारात हेच अंतर शेकडो पटींचं असतं. चित्र 'धुतल्यासारखं' दिसतं ते यामुळे, आणि मेनूतलं कोणतंही बटण ते परत आणू शकत नाही.

म्हणून पहिला खर्च खिडकीच्या जाड पडद्यांवर करा. दुसरं, स्क्रीनच्या आजूबाजूला बघा. आपल्याकडे खोल्यांना पांढरा किंवा फिकट रंग असतो. स्क्रीनवरचा उजेड छतावर, बाजूच्या भिंतींवर आपटतो आणि परत स्क्रीनवरच येतो. सगळी खोली काळी रंगवा असं कुणी म्हणणार नाही, घरातल्या बायकांनी तर नाहीच. पण स्क्रीनजवळच्या दोन-तीन फुटांत गडद रंग किंवा गडद कापड असलं तरी फरक लगेच कळतो. सिनेमागृहात पडद्याच्या कडेला काळं कापड असतं ते शोभेसाठी नव्हे. चौकटीबाहेर सांडलेला उजेड ते गिळतं आणि त्याच्या शेजारी चित्र जास्त ठसठशीत वाटतं.

खोक्यावर '९००० ल्युमेन' लिहिलं असेल तर त्यावर फार जाऊ नका. अॅन्सी पद्धतीत स्क्रीनवर नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढतात. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावरचा आकडा अनेकदा आतल्या दिव्याचा असतो, लेन्सबाहेर पडणाऱ्या उजेडाचा नव्हे. तसंच '४के सपोर्ट' म्हणजे ४के चित्र आत घेतो एवढंच. बाहेर किती पिक्सेल पडतात ते 'नेटिव्ह रिझोल्यूशन' या शब्दापुढे बघायचं.

आकाराचा मोह आवरणं सगळ्यात अवघड. १०० इंचांवरून १२० वर गेलात तर क्षेत्रफळ जवळपास दीडपट होतं आणि तोच उजेड तेवढ्या जागेत पसरतो. उलट ८० इंचांवर आलात तर १०० इंचांच्या दीडपटीहून जास्त उजळ चित्र मिळतं, तेही फुकट. मुंबई-भिवंडीतल्या १० बाय १२ च्या खोलीत ८० इंच भरपूर झाले. बसायची जागा ८ ते ११ फुटांवर असली की बरं.

आता जागा. प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' दिलेला असतो. १.२ लिहिलं असेल तर स्क्रीनच्या रुंदीच्या १.२ पट अंतरावर प्रोजेक्टर ठेवायचा. ८० इंची स्क्रीन सुमारे ५ फूट १० इंच रुंद असते, म्हणजे अंतर झालं ७ फूट. हा हिशेब प्रोजेक्टर घेण्याआधी करायचा आणि छताला भोकं पाडण्याआधी तर नक्कीच. आणि पंखा विसरू नका. स्लॅबला लटकवलेला प्रोजेक्टर आणि भिंत यांच्या मधोमध पंख्याची पाती आली की सगळा सिनेमा लुकलुकतो. पंखा आडवा येत नसला तरी त्याच्या अगदी जवळ स्टँड ठोकलात तर चित्र हलकंसं थरथरतं आणि लोक म्हणतात फोकस बिघडला.

प्रोजेक्टर शक्यतो स्क्रीनसमोर मधोमध आणि सरळ असावा. तिरका ठेवून 'कीस्टोन'ने चौकट सरळ करणं हा सोयीचा, पण महागात पडणारा उपाय. कीस्टोनमध्ये मशीन चित्रच वाकडं करून दाखवतं. काही पिक्सेल वाया जातात, अक्षरांच्या कडा मऊ होतात आणि न वापरलेल्या भागातून राखाडी उजेड चौकटीबाहेर सांडत राहतो. मॅच बघताना धावफलक वाचता येत नसेल तर आधी कीस्टोन शून्यावर आणा. 'लेन्स शिफ्ट' असेल तर तो खुशाल वापरा, त्यात लेन्सच सरकते आणि पिक्सेल जात नाहीत. बऱ्याच प्रोजेक्टरचा झोत मुळातच वर चढतो. म्हणून टेबलावर ठेवताना लेन्स चित्राच्या खालच्या कडेजवळ येते. छताला ते उलटे टांगतात आणि मेनूत 'सीलिंग' निवडतात.

भिंत की स्क्रीन? भिंत सपाट आणि खरोखर पांढरी असेल तर सुरुवातीला चालते. क्रीम रंगाच्या डिस्टेंपरवर मात्र सगळ्या चित्राला पिवळट झाक येते. चादर टांगली तर बराच उजेड तिच्यातून मागे निघून जातो, शिवाय सुरकुत्या दिसतात त्या वेगळ्याच.

हे सगळं झाल्यावरच मेनू उघडा. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर आधी अर्धा तास चालू ठेवा. मग पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करा. 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड' मोड जास्तीत जास्त उजेड ओढायला बघतो, त्यात चेहऱ्यांवर हिरवट किंवा निळसर झाक येते. सिनेमा मोड पहिल्या पाच मिनिटांत पिवळा वाटेल. घाई करू नका, डोळ्यांना सवय होऊ द्या. कलर टेंपरेचर 'वॉर्म' किंवा ६५०० ठेवा, चित्रपटांचे रंग याच पांढऱ्याला धरून ठरवलेले असतात.

'ब्राइटनेस' आणि 'कॉन्ट्रास्ट' या दोन बटणांची नावं फसवी आहेत. ब्राइटनेस काळा भाग ठरवतो आणि कॉन्ट्रास्ट पांढरा. मोफत चाचणी-चित्रं इंटरनेटवर मिळतात, ती उत्तमच. पण घरच्या घरी करायचं तर लग्नाचा व्हिडिओ पुरतो. नवऱ्या मुलाच्या काळ्या शेरवानीच्या घड्या दिसेनाशा होईपर्यंत ब्राइटनेस कमी करा, मग त्या जेमतेम दिसतील इतका वाढवा. पांढऱ्या कुर्त्यावरची पांढरी चिकनकारी बघा. ती पुसली गेली असेल तर कॉन्ट्रास्ट जास्त आहे. शार्पनेस जवळजवळ तळाला न्या. तो नवा तपशील आणत नाही, अक्षरांभोवती पांढरी रेघ ओढतो. चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल तर 'मोशन' नावाची सोय बंद करा.

लॅपटॉप जोडल्यावर काळा राखाडी दिसतोय किंवा अंधारातलं सगळं गायब होतंय, तर दोष बहुधा एचडीएमआय रेंजचा. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दोन्हीकडे ती सारखी हवी, 'फुल' तर फुल, 'लिमिटेड' तर लिमिटेड. आणि छोट्या प्रोजेक्टरवर एचडीआर बंद ठेवलेलं चांगलं. ते चित्र अनेकदा १००० निट्सच्या हिशेबाने बनवलेलं असतं. आपल्याकडे आहेत ५०-६०. चित्र उजळ होण्याऐवजी अंधारात बुडतं.

एवढं करूनही भर दुपारी उघड्या खोलीत क्रिकेट बघायचं असेल तर आमचं मत स्पष्ट आहे, त्याच पैशात टीव्ही घ्या. रात्री चित्र फिकट येत असेल तर मात्र आधी जाळी उघडून धूळ बघा आणि दिव्याचे तास तपासा. कंपनी दिव्याचं जे आयुष्य सांगते ते सहसा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचं असतं, दिवा बंद पडेपर्यंतचं नव्हे. चार वर्षं रोज चाललेल्या मशीनमध्ये नवा दिवा टाकला की ते पुन्हा उजळतं. एलईडी आणि लेझरच्या मशीनमध्ये दिवा असा सहज बदलता येत नाही, म्हणून ती पहिल्यापासूनच 'इको' मोडवर चालवलेली बरी. अंधार नीट असेल तर तेवढा उजेड पुरतो आणि पंख्याचा आवाजही कमी होतो.