गाव मोजावे कोणत्या वेळी?

नांदे गावात माणसे किती राहतात, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. म्हाळुंगे आणि सूस ही पुण्याच्या बाजूची गावे २०२१ साली महापालिकेत गेली. नांदे हद्दीबाहेर राहिले. सरकारी कागद आपल्यापुढे २०११ च्या जनगणनेचा आकडा ठेवील. त्यानंतर हिंजवडीच्या संगणक-उद्योगाने या पट्ट्याचे रूप किती पालटले, हे या रस्त्याने जाणाऱ्याला सांगावयास नको. २०२१ ची गणना महामारीमुळे लांबली, आणि पुढची लोकसंख्या १ मार्च २०२७ च्या आरंभीची धरावयाची असे ठरले आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य सात असावेत की सतरा, हेही लोकसंख्येवरूनच ठरते. तेव्हा जुना आकडा म्हणजे केवळ जुनी माहिती नव्हे.

बदलत्या वस्तीची ही अडचण पुण्याला नवी नाही. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६-३७ मध्ये पुण्यातील निवडक कुटुंबांची घरोघर जाऊन पाहणी केली. मध्ये महायुद्ध झाले, फाळणी झाली. म्हणून १९५४ मध्ये पुन्हा पाहणी करून रोजगार व मिळकत कशी बदलली हे तपासले गेले. एकदा मोजून भागत नाही, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

आता नकाशाकडे वळू. समजा, एका गावाचे क्षेत्र १० चौरस किलोमीटर आणि वस्ती ४,००० आहे. भागाकार केला की दर चौरस किलोमीटरला ४०० माणसे येतात. पण नऊ हिस्से डोंगर, ओढे व शेते असतील, तर माणसे राहतात त्या एका हिश्शात हाच आकडा ४,००० होतो! म्हणून उपग्रहाच्या छायाचित्रांतून इमारती शोधून गावाची एकूण संख्या फक्त त्यांच्यावर वाटण्याची रीत निघाली आहे. तीतही खोट राहते. बारा मजल्यांची इमारत आणि पत्र्याची गोदामे वरून पाहता सारखीच जागा अडवितात, आणि रिकाम्या सदनिकेला दिवा नसतो हे दिवसाच्या छायाचित्राला कसे कळावे?

शिवाय माणूस एका जागी बसत नाही. जनगणना त्याला त्याच्या नेहमीच्या राहत्या घरी मोजते. सकाळी तो हिंजवडीला असतो. जन्मस्थान, पूर्वीचे राहण्याचे ठिकाण आणि स्थलांतराचे कारण जनगणना विचारीत आलीच आहे. (स्त्रियांच्या बाबतीत लग्न हे मोठे कारण निघते, मुलीचे सासरी जाणे हेही स्थलांतरच!) २०११ मध्ये शेतीबाहेर काम करणाऱ्यांना कामाचे ठिकाण किती दूर आणि तेथे कोणत्या वाहनाने जाता, हेही विचारले गेले.

अलीकडे भ्रमणध्वनीचा उपयोग होतो. फोन जवळच्या मनोऱ्याशी संपर्क ठेवतो. रात्री ज्या मनोऱ्याशी, तेथे घर, आणि दिवसा ज्याच्याशी, तेथे काम, असा अंदाज बांधता येतो. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा शहर कसे फुगते, हे अशा रीतीने तासातासाला दिसू शकेल. पण एकाजवळ दोन फोन असतात, लहान मुलाजवळ एकही नसतो. नावे काढून टाकली तरी रात्रीची आणि दिवसाची जागा मिळून माणूस ओळखू येण्याचा धोका राहतोच. मला स्वतःला या साधनाचा भरवसा हालचालीपुरता वाटतो, संख्येपुरता नाही.

सर्वांत निसटतात ते इमारती बांधणारे मजूर. त्यांची पत्र्याची वस्ती काम संपताच उठते, आणि नकाशावर उरते ती त्यांनी बांधलेली इमारत. ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा प्रत्येक सोसायटीत आणि अशा प्रत्येक वस्तीत जाऊन एवढेच विचारावे: रात्री येथे किती जण झोपतात, सकाळी किती बाहेर जातात, कशाने जातात, आणि पाणी नळाचे येते की टँकरचे?