पुन्हा अंक पहिला

माझ्या टेबलावर 'ॲक्शन कॉमिक्स' या अमेरिकन मासिकाचे तीन अंक ठेवले आहेत. एकावर क्रमांक आहे ९०४, दुसऱ्यावर १ आणि तिसऱ्यावर ९५७. हे तिन्ही अंक मी प्रकाशनाच्या क्रमानेच मांडले आहेत. हिशेबात पक्का असलेला माझा एक मित्र ते पाहून म्हणाला, "छापखान्यात गोंधळ झालेला दिसतोय." गोंधळ खरा, पण तो छापखान्यातला नाही. सत्तर-ऐंशी वर्षे चाललेली गोष्ट नव्याने सुरू करायची तर जुन्या गोष्टीचे काय करायचे, या प्रश्नावरचा तो गोंधळ आहे. या लेखात त्या तीन आकड्यांचा उलगडा करायचा आहे.

माझ्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे माझेही कॉमिक्सचे शिक्षण रद्दीच्या दुकानात झाले. टाइम्स समूहाचे 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ मध्ये सुरू झाले आणि पुढे मराठीतही येऊ लागले. त्यातला वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, आम्हाला पाठ होता. ली फॉक यांनी १९३६ मध्ये हे पात्र निर्माण करताना एक फार शहाणी सोय करून ठेवली होती. वेताळ अमर आहे अशी जंगलात समजूत असते, पण खरे तर बापाचा मुखवटा मुलाकडे जातो. आपण वाचतो तो एकविसावा. नायक म्हातारा का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर गोष्टीतच होते.

सुपरमॅनकडे अशी सोय नाही. जून १९३८ ही तारीख असलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो अवतरला. जेरी सीगल आणि जो शूस्टर हे त्याचे जनक. तेव्हापासून तो तिशीतच आहे. वाचक मात्र मोठा होतो, नोकरीला लागतो, मुलाबाळांचा होतो. शेकडो लेखकांनी दर महिन्याला भर घातल्यामुळे गोष्टीत विसंगती साठत जातात. नव्या वाचकाला वाटते, आपण फार उशिरा आलो. जुना वाचक म्हणतो, मला सगळे आठवते, ते पुसू नका. या दोघांमधला तंटा सोडवण्याच्या प्रयत्नाला अमेरिकेतले प्रकाशक 'रीलाँच' म्हणतात. मी त्याला 'नवा श्रीगणेशा' म्हणतो.

क्रमांक न बदलता केलेली सुरुवात

दुसऱ्या महायुद्धानंतर सुपरहिरोंची लोकप्रियता झपाट्याने ओसरली. सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वुमन टिकले, बाकीचे बहुतेक बंद पडले. वाऱ्याच्या वेगाने धावणाऱ्या फ्लॅशचे 'फ्लॅश कॉमिक्स' १९४९ मध्ये १०४ व्या अंकावर थांबले. आज डीसी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीत ज्युलियस श्वार्ट्झ हे संपादक होते. १९५६ च्या 'शोकेस'च्या चौथ्या अंकात त्यांनी फ्लॅश परत आणला, पण तो माणूसच नवा होता. जुना फ्लॅश जे गॅरिक, नवा बॅरी ॲलन. लेखक रॉबर्ट कॅनिगर आणि जॉन ब्रूम, चित्रकार कार्माइन इन्फँटिनो.

या अंकातली एक लहानशी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बॅरी ॲलन गोष्टीत जुन्या फ्लॅशचे कॉमिक्स वाचत बसलेला दिसतो आणि त्यावरूनच पुढे स्वतःचे नाव घेतो. म्हणजे जुना नायक रद्द झाला नाही, तो नव्या नायकाच्या आवडत्या पुस्तकातला नायक झाला.

१९५९ मध्ये फ्लॅशला पुन्हा स्वतःचे मासिक मिळाले. त्याचा पहिला क्रमांक होता १०५! दहा वर्षांच्या खंडानंतर मोजणी जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू झाली. कारण व्यवहाराचे होते. वृत्तपत्रांच्या स्टॉलवर जागा कमी असे. शंभरावर क्रमांक म्हणजे खपणारे, भरवशाचे मासिक आणि 'अंक पहिला' म्हणजे टिकेल की नाही कोण जाणे, असा तेव्हाचा समज होता. मोठा आकडा ही पत होती.

पुढे सप्टेंबर १९६१ च्या १२३ व्या अंकात गार्डनर फॉक्स यांनी दोन्ही फ्लॅशची भेट घडवली. जुने नायक एका समांतर पृथ्वीवर राहतात, असे ठरले. जुन्या वाचकाची आठवण खरी आणि नव्याची गोष्टही खरी, असा तोडगा निघाला.

पाटी पुसण्याचा पहिला मोठा प्रयोग

तोडग्याचीही अडगळ होते. पंचवीस वर्षांत समांतर पृथ्व्या इतक्या वाढल्या की कोणता नायक कोणत्या पृथ्वीवरचा, हे सांगण्यातच पाने जाऊ लागली. म्हणून १९८५-८६ मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांची 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही बारा अंकांची मालिका निघाली. तिच्यात एकेक विश्व नष्ट होत जाते आणि शेवटी एकच पृथ्वी उरते. सातव्या अंकात सुपरगर्ल मरते, आठव्यात बॅरी ॲलन.

हे पुसणे वाचकांनी बरेचसे स्वीकारले. त्याची मला दोन कारणे दिसतात. एक, पुसण्याचीच गोष्ट सांगितली गेली, वाचकाला निरोप घ्यायला वेळ मिळाला. दुसरे, पुसलेल्या जागी खरोखर नवे काम उभे राहिले. जॉन बर्न यांनी १९८६ मध्ये 'द मॅन ऑफ स्टील'मधून सुपरमॅनची गोष्ट नव्याने बांधली. त्यात क्लार्कचे पालक आई-वडील जिवंत राहिले आणि लेक्स लूथर हा वेडा शास्त्रज्ञ न राहता बडा उद्योगपती झाला. पेरेझ यांनी वंडर वुमनला ग्रीक पुराणकथांच्या जवळ नेले. फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांची 'बॅटमॅन: इयर वन' १९८७ मध्ये आली, तीही चालू 'बॅटमॅन' मासिकाच्या ४०४ ते ४०७ या अंकांत. बॅटमॅनची सुरुवात नव्याने सांगायला क्रमांक बदलावा लागला नाही.

तरीही फटी राहिल्या. सगळी मासिके एकाच दिवशी नव्याने सुरू झाली नव्हती, त्यामुळे काही पात्रांचे पूर्वायुष्य नेमके कोणते, हा घोळ झाला. तो निस्तरायला १९९४ मध्ये 'झिरो अवर' ही आणखी एक मालिका काढावी लागली.

आकड्याची किंमत उलटी झाली

दरम्यान दुकानदारी बदलली होती. स्टॉलवर न खपलेला अंक परत करता येत असे. १९७० च्या दशकात फिल स्यूलिंग यांनी वेगळी पद्धत रुजवली. फक्त कॉमिक्स विकणाऱ्या दुकानांनी जास्त सवलतीत माल घ्यायचा, पण उरलेला माल परत करायचा नाही. त्यामुळे जोखीम प्रकाशकाकडून दुकानदाराकडे गेली. दुकानदार महिने आधी मागणी नोंदवतो आणि मागच्या अंकाचा खप पाहून पुढच्या अंकाची संख्या ठरवतो. नेहमीचे एखादे गिऱ्हाईक गळते, क्वचितच नवे जोडले जाते, म्हणून मागणी अंकागणिक थोडी थोडी उतरत जाते. हा उतार थांबवणारी हमखास गोष्ट एकच, ती म्हणजे मुखपृष्ठावरचा '१'. नवा वाचक तो हाती घेतो आणि पुढे भाव येईल म्हणून संग्राहक दोन-दोन प्रती घेतात.

१९९१ मध्ये मार्व्हलच्या 'एक्स-मेन'चा नवा पहिला अंक, लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जिम ली, निरनिराळ्या मुखपृष्ठांसह ८० लाखांहून अधिक प्रतींनी गेला. त्या प्रती वाचकांनी वाचल्या असे नव्हे. पुष्कळशा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद राहिल्या आणि इतक्या छापल्या गेल्या होत्या की त्यांना भाव येणेच शक्य नव्हते. फुगा फुटला, दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. जो '१' १९५९ मध्ये अविश्वासाचे चिन्ह होता, तो तीस वर्षांत जाहिरात झाला होता.

२०११: बावन्न पहिले अंक

आता टेबलावरच्या दुसऱ्या अंकाकडे येऊ. ३१ ऑगस्ट २०११ रोजी जेफ जॉन्स आणि जिम ली यांचा 'जस्टिस लीग'चा पहिला अंक निघाला. पाठोपाठ सप्टेंबरभर डीसीच्या सगळ्या मुख्य मालिका क्रमांक १ पासून सुरू झाल्या. अशा एकूण ५२ मालिका असल्याने या उपक्रमाचे नाव 'न्यू ५२'. छापील अंकाच्याच दिवशी डिजिटल अंकही विक्रीला, हे या मोहिमेचे मोठे पाऊल होते. ९०४ वर पोहोचलेले 'ॲक्शन' आणि ८८१ वर पोहोचलेले 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' हेही एकावर आले. दुकानांत गर्दी झाली, 'जस्टिस लीग'च्या दोन लाखांहून अधिक प्रती गेल्या. व्यापार म्हणून सुरुवात जोरदार होती.

गोष्ट म्हणून मात्र पाया कच्चा होता. नायक जगासमोर येऊन पाचच वर्षे झाली, असे ठरवले गेले. पण बॅटमॅन आणि ग्रीन लँटर्न यांच्या मालिका चांगल्या चालल्या होत्या, म्हणून त्यांचा इतिहास जवळपास तसाच ठेवला. मग एवढ्याशा काळात बॅटमॅनचे इतके रॉबिन कधी येऊन गेले, हे कोणालाच पटेना. पाटी अर्धी पुसली आणि अर्धी तशीच ठेवली की उरलेली अक्षरे वाचता येत नाहीत. सुपरमॅन आणि लोइस लेन यांचे १९९६ मध्ये झालेले लग्न झालेच नाही असे झाले. बॅरीनंतर वीस वर्षांहून अधिक काळ फ्लॅश असलेला वॉली वेस्ट नाहीसा झाला.

पण माझ्या मते सर्वांत मोठी किंमत बार्बरा गॉर्डनने चुकती केली. पोलीस आयुक्त गॉर्डन यांची ही मुलगी, एके काळची बॅटगर्ल. ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड यांच्या १९८८ मधल्या 'द किलिंग जोक'मध्ये जोकर तिच्यावर गोळी झाडतो आणि तिचे पाय कायमचे जातात. त्या पुस्तकात तिची दुखापत हे वडिलांना छळण्याचे निमित्त होते, तिची स्वतःची गोष्ट नव्हतीच. ती गोष्ट जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल यांनी तिला दिली. १९८९ पासून बार्बरा 'ओरॅकल' झाली. व्हीलचेअरवर बसून संगणकाच्या जोरावर सगळ्या नायकांना माहिती पुरवणारी, त्यांच्या मोहिमा आखणारी. दोन दशके ती त्या विश्वाचा मेंदू होती. २०११ मध्ये ती पुन्हा पायांवर उभी राहिली आणि पुन्हा बॅटगर्ल झाली. गोळी लागली होती, पण उपचारांनी ती बरी झाली, एवढेच शिल्लक राहिले. नव्या मालिकेच्या लेखिका गेल सिमोन यांनीच पूर्वी ओरॅकलच्या उत्तम कथा लिहिल्या होत्या. त्यांनी बरे झालेल्या माणसाच्या मनातली भीती आणि अपराधभाव जमेल तेवढा रंगवला. तरी ओरॅकल गेली ती गेलीच.

माझ्या ताईला लहानपणी पोलिओ झाला होता. माझ्या कॉमिक्सच्या ढिगाकडे ती कधी पाहत नसे. एकदा मात्र ओरॅकलचा एक अंक तिने शेवटपर्यंत वाचला आणि परत देताना म्हणाली, "हिला कोणी बरं करायला निघालेलं नाही, हे फार बरं वाटलं." २०११ मध्ये काय झाले, हे मी तिला सांगितले नाही. कॉमिक्समध्ये मेलेले नायक परत येतात, मोडलेला कणा जुळतो. मग हिलाच का नाही, असा युक्तिवाद करता येतो आणि तो खोटा नाही. पण ओरॅकल ही दुरुस्त करायची चूक नव्हती. ती अनेकांची एकुलती एक नायिका होती.

पुसलेला आकडा परत येतो

पहिल्या अंकांचा जोर लवकरच ओसरला. २०१२ च्या पहिल्या सहामाहीतच ५२ पैकी सहा मालिका आठव्या अंकावर बंद झाल्या. मे २०१६ मध्ये डीसीने 'रिबर्थ' हा विशेषांक काढला. लेखक पुन्हा जेफ जॉन्सच. त्याचा विषयच असा, की कोणीतरी या विश्वातली काही वर्षे चोरली आहेत. विसरला गेलेला वॉली वेस्ट परत येतो आणि बॅरी त्याला ओळखतो. लग्न झालेले, मुलगा असलेले क्लार्क आणि लोइस मुख्य कथेत आले. आणि 'ॲक्शन कॉमिक्स'वर क्रमांक पडला ९५७. जुने ९०४ आणि मधले ५२ मिळून ९५६, पुढचा ९५७. माझ्या मित्राला पडलेल्या कोड्याचे हे उत्तर. २०१८ मध्ये, सुपरमॅनच्या ऐंशीव्या वर्षी, हजारावा अंक निघाला. 'एक'ने जेवढी गर्दी जमवता येते, तेवढी 'हजार'नेही जमवता येते, हे प्रकाशकालाही ठाऊक असणारच.

अलीकडे वेगळी वाट रूढ होते आहे. मार्व्हलने २००० मध्ये 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' काढून मुख्य मालिकेला धक्का न लावता शेजारी नवे विश्व बांधले होते. २०१५ मध्ये ते मिटले, पण त्यातला माइल्स मोरालेस मुख्य विश्वात आला आणि रुजला. २०२४ मध्ये डीसीनेही 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन'पासून तसेच शेजारघर बांधले. जुने घर न पाडता शेजारी नवे बांधावे, हे श्वार्ट्झ आणि फॉक्स यांचेच जुने शहाणपण.

आपल्याकडे रामकथा, भारतकथा किती जणांनी किती तऱ्हांनी सांगितल्या. कीर्तनकार आख्यान आपल्या पद्धतीने रंगवतो, पण "आजपासून आधीचे आख्यान रद्द" असे म्हणत नाही, कारण कथा त्याच्या मालकीची नसते. सुपरमॅनच्या गोष्टीला मालक आहे, म्हणून अधिकृत काय आणि रद्द काय, हे ठरवणारा कोणीतरी असतो. गोष्ट नव्याने सांगण्याला माझा विरोध नाही. बॅरी ॲलन, बर्न यांचा सुपरमॅन, माइल्स मोरालेस हे सगळे त्यातूनच मिळाले. पण मालकाला क्रमांक पुसता येतो, वाचकाने वाचलेले पुसता येत नाही. माझ्या टेबलावरचा ९५७ हा आकडा म्हणजे त्या गोष्टीची उशिरा दिलेली कबुली आहे.

ताईने वाचलेला ओरॅकलचा अंक मात्र या तिघांत नाही. तो तिच्याकडेच आहे. मध्यंतरी माझ्या संग्रहासाठी मागितला, तर म्हणाली, "दुसरा शोध."