सत्तेचा मान कसा राखावा?

‘तुम्हा ख्रिस्ती लोकांना सरकारचं ऐकायला शिकवलेलंच असतं ना?’ असं मला अनेकदा विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा संत पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेलं पत्र असतं. अधिकाऱ्यांच्या अधीन राहावं, कर द्यावा, ज्याचा मान त्याला द्यावा, असा त्यातल्या तेराव्या अध्यायाचा आशय आहे. हे पत्र इ. स. ५७च्या सुमाराचं. तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. राज्यकर्ता आपल्या धर्माचा आहे म्हणून त्याला मान द्या, असं पौलाला म्हणायचं नव्हतं हे उघड आहे. बळजोरानं दुबळ्याला लुबाडू नये, यासाठी समाजाला अधिकारपद लागतं. मान त्या पदाचा.

पण याच पौलाची दुसरी एक हकिकत ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. फिलिप्पै शहरात अधिकाऱ्यांनी त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी निरोप आला, ‘जा आता.’ पौल मुकाट्यानं गेला नाही. आपण रोमचे नागरिक आहोत, चौकशीविना शिक्षा बेकायदा आहे, तेव्हा अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावं, असं त्यानं सांगितलं. आणि ते आले! अधिकाऱ्याला त्याच्याच कायद्याची आठवण करून देणं, हाही त्या पदाचा मान राखणंच आहे.

आपल्या देशातलं एक उदाहरण सांगतो. केरळातल्या कोट्टायम जिल्ह्यात ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची तीन भावंडं शाळेत शिकत होती. राष्ट्रगीत सुरू झालं की ती इतरांसारखीच आदरानं उभी राहत, पण गात नसत. आपली श्रद्धा त्याला परवानगी देत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलं शिस्तीत वागतात, राष्ट्रगीताचा अनादर करत नाहीत, असं चौकशीतही दिसून आलं होतं. तरीही २६ जुलै १९८५ रोजी त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आलं. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. अखेर ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला : राष्ट्रगीत गायलाच हवं असं कोणताही कायदा सांगत नाही, आदरानं उभं राहिल्यावर न गाण्यात अवमान होत नाही, मुलांना शाळेत परत घ्या.

हा पंथ आमच्या चर्चहून वेगळा. मी स्वतः राष्ट्रगीत मनापासून गातो. तरीही मला या मुलांचं कौतुक वाटतं. त्यांनी गोंधळ घातला नाही, गाणाऱ्यांना अडवलं नाही. त्यांच्या वडिलांनी दाद मागितली तीही न्यायालयातच. नकार होता, पण उद्धटपणा नव्हता.

रोजच्या व्यवहारात असे कसोटीचे प्रसंग क्वचित येतात. तिथं मान राखायचा तो साध्या गोष्टींतून. चौकात पोलीस नसला तरी लाल दिव्याला थांबावं. कर चुकवू नये. शिक्षकांबद्दल तक्रार असेल तर ती शाळेत जाऊन मांडावी, घरी मुलांसमोर त्यांची टिंगल करू नये. कचेरीतल्या कारकुनाशी बोलताना आवाज चढवू नये, पण त्यानं ‘चहापाणी’ मागितलं तर तितक्याच शांतपणे नाही म्हणावं. काम का अडलं हे कळत नसेल, तर माहितीच्या अधिकाराखाली रीतसर अर्ज करावा. २००५ चा तो कायदाही सरकारचाच आहे.

आमच्या रविवारच्या उपासनेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते. ते कोणत्या पक्षाचे, आम्ही त्यांना मत दिलं की नाही, याचा तिथं संबंध नसतो. त्यांना न्यायानं वागण्याची बुद्धी मिळावी, एवढंच मागणं असतं. ज्याच्यासाठी मनापासून प्रार्थना केली, त्याचा द्वेष करणं कठीण जातं. आणि ज्याच्यासाठी न्यायबुद्धी मागितली, त्याच्या अन्यायापुढं गप्प बसणंही तितकंच कठीण जायला हवं.