आजार गेला, रक्तात काय उरलं?

ऑगस्ट 2021 च्या सुरुवातीला भंडारा जिल्ह्यातला शेवटचा कोरोनारुग्ण बरा होऊन घरी गेला. दुसऱ्या लाटेनंतर एकही उपचाराधीन रुग्ण न उरलेला तो राज्यातला पहिला जिल्हा. तोवर तिथे जवळपास 60 हजार जणांना लागण झाली होती, अकराशेहून अधिक माणसं दगावली होती. जे वाचले, त्यांच्या शरीराने केलेलं काम समजून घेण्यासारखं आहे.

विषाणू नाका-घशातल्या पेशींत शिरला की तिथल्या काही पेशी त्याचे तुकडे गिळून जवळच्या लसिका ग्रंथींत नेतात. घसा सुजल्यावर जबड्याखाली हाताला लागतात त्याच या गाठी. तिथे बी-पेशी नावाच्या असंख्य रोगप्रतिकारक पेशी असतात आणि जवळपास प्रत्येकीच्या अंगावरच्या ग्राहकाचा (रिसेप्टरचा) आकार निराळा. हे आकार विषाणू येण्याआधीच, जनुकांचे तुकडे नाना तऱ्हांनी जुळून घडलेले असतात. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. ज्या मोजक्या बी-पेशींचा आकार कोरोनाच्या काटेरी प्रथिनाला जुळतो, त्या टी-पेशी या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशींच्या मदतीने झपाट्याने वाढतात आणि प्रतिपिंडं (अँटीबॉडी) सोडू लागतात. याला साधारण एक-दोन आठवडे लागतात. म्हणून तापाच्या पहिल्या दिवसांत अँटीबॉडी तपासणी कोरी येते.

पुढे निवड सुरू होते. भरदार लोंब्या निवडून पुढच्या हंगामाचं धान पेरावं, तसं ग्रंथींत घडतं. वाढताना बी-पेशींच्या जनुकांत बारीक बदल होतात. विषाणूला अधिक घट्ट धरणाऱ्या टिकतात, बाकीच्या मरतात. हे काम ताप उतरल्यावरही काही महिने चालतं.

मग काही महिन्यांनी तपासणीतला आकडा उतरतो आणि माणसं घाबरतात. घाबरू नये. रक्तातली आयजीजी प्रतिपिंडं साधारण तीन आठवड्यांत निम्मी होतात आणि ती बनवणाऱ्या बहुतेक पेशीही अल्पायुषी असतात. पण थोड्या पेशी हाडांच्या मगजात मुक्काम करतात. सौम्य कोरोना झालेल्यांच्या मगजात अशा पेशी 11 महिन्यांनीही सापडल्याचं सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये दाखवलं.

जानेवारी 2022 च्या ओमायक्रॉन लाटेत काटेरी प्रथिनच बरंच बदललेलं होतं. जुन्या प्रतिपिंडांना ते नीट धरता येईना. आजार होऊन गेलेल्यांनाही पुन्हा लागण झाली. टी-पेशींना मात्र विषाणूचे न बदललेले तुकडे ओळखता येत होते, आणि आधीच्या लागणीची आठवण जपणाऱ्या स्मृतिपेशी काही दिवसांतच पुन्हा कामाला लागत होत्या. त्यामुळे आधी आजार झालेल्या किंवा लस घेतलेल्या बहुतेकांचं दुखणं फुप्फुसांपर्यंत पोचलं नाही.